दोन हातांमधली वीतभर जागा

आमच्या क्लासमध्ये चौदा मशीनं होती आणि एकाही मशीनची अक्षरं विद्यार्थ्याला दिसत नसत. वडिलांनी सुताराकडून प्रत्येक मशीनसाठी लाकडी झाकण करून घेतलं होतं, लहान चौरंगासारखं. हात त्याच्याखाली घालायचे, नजर डावीकडच्या पुस्तकावर ठेवायची आणि बडवायला सुरुवात करायची. नवीन मुलगा पहिल्या आठवड्यात हमखास वाकून खाली डोकवायचा. मग मी टेबलावर पट्टी आपटायची. पट्टी कधी कुणाच्या हातावर पडली नाही, पण तिचा आवाज चौदा मशीनांच्या खडखडाटातही ऐकू जायचा.

कराडात, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा क्लास वडिलांनी १९७४ मध्ये काढला. मी १९८५ पासून शिकवायला लागले आणि २०१७ मध्ये कुलूप लावलं. बत्तीस वर्षं. ज्याला लिपिक व्हायचं त्याला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचं सर्टिफिकेट लागायचं, पुण्याच्या परीक्षा परिषदेचं. आजूबाजूच्या गावांतली मुलं एसटीनं यायची, तासभर बडवून शेवटच्या गाडीनं जायची. ‘बाई, स्पीड येत नाही’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. माझं उत्तर ठरलेलं असे: बोटं जागेवर ठेव, स्पीड आपोआप येईल. ‘जागेवर’ म्हणजे कुठे, हे त्या मशीननं ठरवलेलं होतं. ते कोणी आणि का ठरवलं, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

तो पडला क्लास बंद झाल्यावर, मनगट दुखायला लागल्यावर. दुखणं करंगळीच्या बाजूचं. जुन्या मशीनवर शिफ्ट दाबणं म्हणजे करंगळीनं लोखंड उचलणं, त्यामुळे हिशोब कुठला आहे ते मला कळत होतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि विचारलं, “टाइप करताना हात कसे ठेवता?” मी टेबलावर करून दाखवलं. दोन्ही पंजे छातीसमोर एकत्र आणलेले, आणि मनगटापासून बाहेरच्या बाजूला मोडलेले. मीच शिकवलेली, शेकडो हातांना लावलेली ती ठेवण पहिल्यांदाच मला परक्यासारखी दिसली. खांदे एवढे रुंद आणि हात मात्र एका वितीत कोंबलेले.

पुण्यात नोकरी करणारा भाचा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, “मावशी, तुला मी दोन तुकड्यांचा कीबोर्ड आणून देतो. म्हणजे सुटे भाग आणतो, आपण घरीच करू.” घरी कुरडया करतात, कीबोर्ड करतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तो चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत आणि पुढच्या वर्षभरात मी जे वाचलं, त्यातून मला माझ्याच धंद्याचा इतिहास उलट्या बाजूनं दिसला.

सुरुवात अमेरिकेतल्या मिलवॉकीची. क्रिस्टोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. त्यांच्या पहिल्या मशीनची बटणं पियानोच्या पट्ट्यांसारखी होती. पुढे १८७३ मध्ये बंदुका करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि पुढच्या वर्षी मशीन बाजारात आलं. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरं उमटत. शिफ्टचं बटण १८७८ च्या मॉडेलमध्ये आलं. तोवर क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय हा क्रमही बसला होता. टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी करायला हा क्रम लावला, अशी गोष्ट सगळे सांगतात. मीही वर्गात सांगायचे. जपानमधल्या क्योटो विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं तपासून ती खोडून काढली. तारेचा मोर्स कोड उतरवून घेणाऱ्यांच्या सोयीनं अक्षरं हलत गेली असावीत, असं त्यांचं म्हणणं. ते वाचून मला जरा शरमल्यासारखं झालं. किती मुलांना ती गोष्ट सांगितली असेल!

बटणांच्या तिरक्या ओळींचं कारण मात्र सरळ आहे. टाइपरायटरच्या प्रत्येक बटणाखाली एक लांब दांडी असते. चार ओळींच्या दांड्या एकमेकींना न अडता आत जायच्या, तर प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा थोडी सरकवावी लागते. सगळ्या दांड्यांना शेवटी मध्यभागी एकाच ठिकाणी ठोका द्यायचा असतो, म्हणून बटणंही मध्यभागी एका गठ्ठ्यात. दांड्यांची ही अडचण होती. संगणकात दांड्या नाहीत, बटणाखाली नुसता खटका असतो आणि तार कुठूनही नेता येते. तरी तिरक्या ओळी तशाच राहिल्या, जशी बैल गेल्यावरही गोठ्यात दावण राहते.

ती का राहिली, याचं उत्तर मला कारखान्यापेक्षा सिनसिनाटी शहरातल्या एका क्लासमध्ये सापडलं. एलिझाबेथ लाँगली ही बाई तिथे लघुलेखन आणि टायपिंग शिकवायची. तेव्हा लोक दोन-चार बोटांनी बघून बघून टाइप करत. हिनं १८८२ मध्ये रेमिंग्टन मशीनसाठी धड्यांचं पुस्तक काढलं आणि आठ बोटांची पद्धत मांडली. पुढे त्याच शहरात २५ जुलै १८८८ ला एक स्पर्धा झाली. एका बाजूला सॉल्ट लेक सिटीच्या कोर्टातला लघुलेखक फ्रँक मॅकगरिन, रेमिंग्टनवर. दुसऱ्या बाजूला लुई ट्राब, कॅलिग्राफ नावाच्या मशीनवर. कॅलिग्राफला शिफ्ट नव्हतं, मोठ्या आणि लहान अक्षरांची बटणं वेगळी. मॅकगरिन न बघता सर्व बोटांनी टाइप करायचा. तो सहज जिंकला, वर्तमानपत्रांत गाजला. जिंकली खरं तर त्याची बोटं, पण नाव झालं मशीनचं. ज्याला त्याला ती पद्धत आणि तेच मशीन हवं झालं. क्लास निघाले, क्लासमध्ये रेमिंग्टन आली, शिकलेल्या मुली ऑफिसांत गेल्या, ऑफिसांनी त्यांना येतं ते मशीन घेतलं. हे चक्र एकदा फिरायला लागल्यावर त्यात हात घालायची कुणाची छाती होती?

छाती काहींची झाली. जर्मनीत क्लोकेनबर्ग नावाच्या संशोधकानं १९२६ मध्ये पुस्तक लिहून मांडलं, की कीबोर्ड मधोमध तोडा, दोन्ही भाग कोनात फिरवा, म्हणजे मनगट मोडणार नाही. माझ्या वडिलांचा जन्मही तेव्हा व्हायचा होता. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या ऑगस्ट ड्वोराकनं मेव्हण्याबरोबर अक्षरांचा क्रमच नव्यानं लावून १९३६ मध्ये पेटंट घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते क्लासवाल्यांनी वाचण्यासारखं आहे. नौदलाच्या १९४४ च्या चाचणीत ड्वोराकची मोठी सरशी झाल्याचं सांगितलं गेलं. १९५६ मध्ये सरकारनं पुन्हा चाचणी घेतली, तर निष्कर्ष निघाला, की शिकलेल्या टायपिस्टांना परत शिकवण्याचा खर्च भरून निघत नाही. शेवटी अडलं ते फीपाशी. परत शिकवायचं कोणी, आणि त्या महिन्यांचा पगार द्यायचा कोणी?

या सगळ्यांत मला जवळची वाटली ती इंग्लंडमधली लिलियन मॉल्ट. कीबोर्ड चालवणाऱ्यांना शिकवणं हा तिचा व्यवसाय. म्हणजे माझ्यासारखीच, पण वेगळ्या धीराची. पट्टी आपटायच्या ऐवजी तिनं हातांकडे पाहिलं. बोटं सारख्या लांबीची नाहीत, मग बटणं एका पातळीत का? शरीरातलं सगळ्यात दणकट बोट अंगठा, त्याला फक्त स्पेस का? स्टीफन हॉबडे या तंत्रज्ञाबरोबर १९७० च्या दशकात तिनं मॉल्ट्रॉन कीबोर्ड तयार केला. दोन हातांसाठी दोन वाट्यांसारखे खोलगट भाग, मधे मोकळी जागा, आणि अंगठ्यांना स्वतःची बटणं. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारं अक्षर ‘ई’ तिनं डाव्या अंगठ्याखाली दिलं. हा कीबोर्ड विकला गेला, पण दुखऱ्या हातांच्या थोड्या लोकांपुरता. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत किनेसिसनं तशाच वाट्यांचा कीबोर्ड आणला, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं मधे फुगवटा असलेला आणला. दुकानात लोक त्यांना हात लावून बघत आणि साधा घेऊन जात. पेटंट होतं, मशीन होतं, पण शिकवणारा क्लास नव्हता.

आणि आम्ही क्लासवाले काय करत होतो? माझ्याकडे रेमिंग्टन, गोदरेज, फॅसिट अशी मिसळ होती. गोदरेजनं १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढे त्यांचा कारखाना आमच्याच जिल्ह्यात, शिरवळला होता. २००९ मध्ये तिथलं टाइपरायटरचं उत्पादन थांबलं. मराठी मशीन म्हणजे एक अजब संसार होता. देवनागरीची सगळी अक्षरं त्या थोड्या बटणांत मावत नाहीत, म्हणून अर्धी अक्षरं ठेवलेली. अर्धं अक्षर मारायचं आणि पुढे काना जोडून ते पूर्ण करायचं. काही बटणांवर कॅरेज हलायचंच नाही, त्यांना डेड की म्हणायचं. मात्रा अशा रीतीनं अक्षराच्या डोक्यावर बसत. ‘कि’ लिहायचं तर पहिली वेलांटी आधी मारायची, मग क. बोलण्याच्या उलट क्रमानं. नवीन मुलांची सर्वांत जास्त खाडाखोड तिथेच व्हायची, आणि महिनाभरात बोटं त्या उलट्या क्रमालाही सरावायची.

इकडे १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट नावाचा क्रम प्रमाण केला होता. संगणकाला भारतीय लिप्या शिकवण्याचं काम कानपूरच्या आयआयटीत चाललं होतं. त्यात मोहन तांबे या मराठी अभियंत्याचा मोठा हात होता. ते काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. हा क्रम मी नीट बघितला तो थेट साठी जवळ आल्यावर. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, आणि अक्षराचा पाय मोडायची खूण, हे सगळं डाव्या हाताला. क, त, च, ट, प, र उजव्या हाताला, मधल्या ओळीत. शिफ्ट दाबून क चा ख होतो, त चा थ, प चा फ. बाराखडी जणू दोन हातांत वाटून दिलेली. म, न, व एवढी व्यंजनं मात्र खालच्या ओळीत डावीकडे गेली आहेत. आणि वेलांटी आपण बोलतो तशी, अक्षरानंतर. व्यंजन उजवीकडून, स्वर डावीकडून, टाळी वाजवल्यासारखं. मधोमध तोडायला याच्याइतका तयार क्रम दुसरा कुठला असेल?

मी तो नाकारला होता. २००३ च्या सुमारास एक मुलगा विचारत आला, “बाई, संगणकावरचं इनस्क्रिप्ट शिकवता का?” मी त्याला सांगितलं, परीक्षा रेमिंग्टनची आहे. तो जिना उतरून गेला. मी खोटं बोलले नव्हते. सिनसिनाटीपासून कराडपर्यंत सगळ्या क्लासवाल्यांनी हेच खरं उत्तर दिलं आणि कीबोर्ड होता तसा राहिला.

त्यातून वाट निघाली ती क्लासला वळसा घालून. २०११-१२ च्या सुमारास काही हौशी लोकांनी अर्गोडॉक्स नावाचा दोन तुकड्यांचा कीबोर्ड आखला आणि त्याचे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवले. नकाशा पाठवला की सर्किटची पाटी छापून देणारे कारखाने चीनमध्ये होतेच. जर्मन चेरी कंपनीच्या खटक्यांसारखे खटके चिनी कंपन्या स्वस्तात काढू लागल्या. कुठलं बटण काय करेल हे ठरवणारं क्यूएमके हे सॉफ्टवेअर फुकट. अर्गोडॉक्सपेक्षा आटोपशीर आराखडे निघत गेले. भाच्यानं आणलेला कोर्ने नावाचा आराखडा एका जपानी माणसाचा. एकूण बटणं ४२, प्रत्येक हाताला २१: सहा उभ्या रांगांत तीन-तीन, आणि तीन अंगठ्याला. आकड्यांची ओळ नाहीच. एक बटण दाबून धरलं की त्याच बटणांचे आकडे होतात.

कामाला बसलो ते जेवणाच्या टेबलावर, जुनी फरशी पालथी ठेवून. प्रत्येक बटणामागे एक डायोड लावायचा, १एन४१४८ नावाचा. तांदळाच्या दाण्याएवढी नारिंगी काच, एका टोकाला काळा पट्टा, दोन्ही बाजूंना केसासारखी तार. भाच्यानं समजावलं: २१ बटणांना २१ तारा ओढायच्या नाहीत, चार आडव्या आणि सहा उभ्या अशा दहा पुरतात, कुठली आडवी कुठल्या उभीला भिडली यावरून बटण ओळखायचं. पण तीन बटणं एकदम दाबली तर विजेला उलटी वाट मिळते आणि न दाबलेलं चौथंच उमटतं. डायोड वीज एकाच दिशेनं सोडतो. म्हणून काळा पट्टा पाटीवर छापलेल्या खुणेकडेच हवा.

तार वाकवायची, भोकात घालायची, पाटी उलटी करायची, सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन सेकंद टेकवायचं, मग डाखाची तार लावायची. ती वितळून थेंब चकचकीत, शंकूसारखा बसला तर जमलं. मळका गोळा झाला तर परत. सहाव्या डायोडनंतर माझा हात बसला. भाचा म्हणाला, “मावशी, तुझा हात हलत नाही गं.” हलेल कसा? रिबनची गाठ सोडवण्यात आणि अडकलेल्या दांड्या सुट्या करण्यात आयुष्य गेलं.

चौथ्या दिवशी तो पुण्याला गेला आणि उरलेले खटके मी एकटीनं बसवले. दोन्ही भाग जोडणारी, हेडफोनच्या पिनेसारखी वायर लावली, मग यूएसबी. ही वायर वीज चालू असताना काढायची नाही, आतली टोकं एकमेकांना घासून पाटी जळू शकते, हे त्यानं दोनदा बजावलं होतं. टाइप करून बघितलं. सगळं उमटलं, फक्त र, क आणि त सोडून. म्हटलं, इतकं रक्त आटवलं आणि नेमकं तेच कीबोर्डात नाही. फोनवर भाचा हसून हसून दमला, मग म्हणाला, “काळे पट्टे बघ.” तिन्ही डायोड उलटे होते. संध्याकाळी, टीव्ही लावून बसवलेले. विद्यार्थ्याला मी काय बोलले असते, ते स्वतःला मोठ्यानं बोलून घेतलं आणि तिन्ही काढून परत लावले.

खरी अडचण त्यानंतर आली. ४२ बटणांत इनस्क्रिप्ट पूर्ण मावत नाही. ड आणि ट साठी उजवीकडची शेवटची उभी रांग द्यावी लागली, म्हणून बॅकस्पेस अंगठ्याखाली गेला. ऑफिस, डॉक्टरमधला ॉ दाबून धरायच्या थरात टाकला. राहिला ृ. तो इनस्क्रिप्टमध्ये वर उजवीकडे बरोबरच्या चिन्हाच्या जागी असतो, करंगळी ताणून मारावा लागतो. माझ्या कीबोर्डाला ती जागाच नाही. भाचा म्हणाला, “त्यालाही थरात टाक, कितीसा लागतो?” त्याचं बरोबर असेल. मराठीत ृ चा नंबर खूप खाली लागत असेल. पण मी बत्तीस वर्षं जे टाइप केलं आणि करून घेतलं, त्यात कृषी उत्पन्न, गृहनिर्माण, मृत्युपत्र, वृत्तान्त हेच होतं. आणि कराडात बसून कुठलाही अर्ज लिहा, पत्त्यात नाही तर कारखान्याच्या नावात कृष्णा नदी येतेच.

मॉल्टबाईंनी अंगठ्याला भाषेतलं सर्वांत जास्त लागणारं अक्षर दिलं. सगळ्या इंग्रजी टायपिस्टांचा विचार करून दिलं, आणि शिकवणारीनं तसाच विचार करायला हवा. मीही तोच करत आले. पण या कीबोर्डावर शिकणारी एकच आहे. मी डाव्या अंगठ्याच्या तीन बटणांतलं एक ृ ला दिलं. कुठल्याही परिषदेला हे पटणार नाही आणि कुठलीही कंपनी असं बटण विकणार नाही.

आता दोन्ही तुकडे टेबलावर वीतभर अंतरावर असतात, मधे चहाचा कप मावतो. मनगटं सरळ राहतात. पहिल्या दिवशी घड्याळ लावून परीक्षा घेतली, मिनिटाला नऊ शब्द आले. सध्या बावीसवर आहे, म्हणजे माझ्याच क्लासच्या नियमानं अजून नापास. बटणांच्या टोप्या कोऱ्या आहेत, एकीवरही अक्षर नाही. खाली बघून उपयोग नाही. रोज सकाळी सरावाला पहिला शब्द ‘कृष्णा’ घेते. उजव्या हाताचा क, डाव्या अंगठ्याचा ृ, उजव्या हाताचा ष, मग पाय मोडून ण आणि काना. ण ला डाव्या हाताची बोटं अजून चुकतात. अंगठा मात्र पहिल्या दिवसापासून एकदाही चुकलेला नाही.